एक वस्तू बाकी

“सात मागितल्या, सात आल्या,” मोमीन सर म्हणाले. “मग ही आठवी मागतंय कोण?”

दुपारचे तीन वाजले होते. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर मैदानावर मुलींचं लेझीम चाललं होतं. पडद्याच्या अगदी तळाशी हिरव्या चौकोनांची पट्टी भरत आली होती. शेवटच्या दोन चौकोनांएवढी जागा कोरी होती आणि वीस मिनिटं झाली तरी कोरीच होती. तिच्या शेजारी इंग्रजीत उमटलं होतं, एक वस्तू बाकी.

आज हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण सतरा वर्षांपूर्वी इंटरनेटचं पान उघडायला लावून माणूस चहा पिऊन यायचा. पान तुकड्यातुकड्यांनी उतरायचं. प्रत्येक फोटो ही एक वस्तू, प्रत्येक ध्वनिफीत ही एक वस्तू, आणि किती यायच्या राहिल्यात ते ब्राउजर त्या खालच्या पट्टीत सांगायचा. सात बाकी, सहा बाकी, पाच बाकी. मला ते बघत बसायला आवडे. कीर्तनाला माणसं येऊन टेकतात आणि बुवा अजून कोण यायचंय म्हणून दाराकडे बघतात, तसं ते वाटे.

आमच्या पानावर वस्तू सातच होत्या. चार फोटो, मथळ्याचं एक चित्र आणि दोन ध्वनिफिती. मी स्वतःच्या हातानं मांडल्या होत्या. मोमीन सर आमच्या शाळेचे कॉम्प्युटरचे शिक्षक, पान बांधायला मला त्यांनीच शिकवलं होतं. एखाद्या फोटोचं नाव लिहिताना चुकलं की ब्राउजर नसलेली वस्तू शोधत बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एकेक नाव जुळवून पाहिलं. चूक नव्हती. आठवं नाव पानात कुठेच नव्हतं.

“राहू द्या, गुळवणी,” ते म्हणाले. “यंत्र आहे. यंत्रालाही कधी भास होतो.”

मी हसलो.

पान होतं नीळकंठबुवा सदलगेकरांचं. मी कुरुंदवाडच्या शाळेत लेखनिक होतो, ती नोकरी पोटासाठी. जीव सगळा कीर्तनात. वीस वर्षं मी बुवांच्या कीर्तनाला दुसऱ्या रांगेत बसलो, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. बुवा मला गमतीनं ‘आमचे चित्रगुप्त’ म्हणत. त्यांचं पूर्वरंगातलं निरूपण ऐकताना आपल्या हातून घडलेलं वाईट आठवायचं, आणि उत्तररंगातलं आख्यान ऐकताना ते माफ झाल्यासारखं वाटायचं. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आदल्या वर्षी दत्तजयंतीला त्यांनी देवळात शेवटचं कीर्तन केलं आणि अकराव्या दिवशी ते गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत ते कीर्तन जगात कुठेही ऐकता यावं, म्हणून हे पान.

आणि खरं सांगायचं तर जगात ते ऐकणार एकच माणूस होतं. बुवांची मुलगी, वेणूताई.

वेणूताई लहानपणापासून बुवांच्या मागे पेटीवर बसायच्या. तबल्याला बसवराज नावाचा धारवाडकडचा तरुण असे. पेटी आणि तबला एकमेकांना कधी आवडले ते समोर तोंड करून उभ्या असलेल्या बुवांना कळलंच नाही. वेणूताईंनी त्याच्याशी लग्न केलं आणि त्या धारवाडला गेल्या. बुवांची दोन्ही साथीची माणसं एका दिवसात गेली. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी मुलीचं नाव घेतलं नाही. घरात कुणी काढलं तर जपाची माळ घेऊन आतल्या खोलीत जात. शेवटच्या आजारात बुवांच्या पुतण्यानं धारवाडला कळवलं तेव्हा उशीर झाला होता.

पान तयार झाल्याचं मी वेणूताईंना मेलनं कळवलं. उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. कीर्तन ऐकायचंच आहे, पण त्याआधी एक विचारते, असं त्यांनी लिहिलं होतं. बाबांनी जाण्याआधी माझं नाव घेतलं का? चुलतभाऊ म्हणतो घेतलं नाही. घरात नाही, तर कीर्तनात तरी? तुमच्याकडे टेप आहे श्रीपाददादा, तुम्ही खोटं सांगणार नाही.

मी लिहिलं, टेपमध्ये तसं काही ऐकू येत नाही.

दोन दिवसांनी त्यांचं पुन्हा आलं. पान पुरं उतरत नाही. पट्टी शेवटाला येऊन थांबते. तिथल्या कॅफेत तीनदा प्रयत्न केला, एक वस्तू बाकी म्हणतं. मोमीन सरांनी रचना अशी केली होती की पान पुरं उतरल्यावरच ‘ऐका’चं बटण जिवंत व्हावं, म्हणजे कीर्तन मधे तुटू नये. त्यामुळे वेणूताईंना एक शब्दही ऐकता येत नव्हता. म्हणून आम्ही ते शाळेत उघडून पाहत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मोमीन सर इरेला पेटले. त्यांनी पानावरून एक फोटो काढून टाकला आणि पान पुन्हा उघडलं. सहा आल्या, एक बाकी. दुसरा फोटो काढला. पाच आल्या, एक बाकी. असं करत त्यांनी सगळे फोटो काढले, ध्वनिफिती काढल्या, मथळ्याचं चित्र काढलं. पानावर उरलं फक्त बुवांचं नाव, काळ्या अक्षरांत. मागण्यासारखं काही नव्हतंच त्यात. ते एका क्षणात यायला हवं होतं.

नाव आलं. पट्टी भरत गेली, त्याच जागी थांबली. एक वस्तू बाकी.

सरांनी दुसरी दोन-तीन पानं उघडून पाहिली. बोर्डाचं पान, रेल्वेचं पान. सगळी पुरी उतरली. पुन्हा बुवांचं उघडलं, पुन्हा तेच. मग सर म्हणाले, “तुमच्या बुवांना कुणाची वाट बघायची सवय होती का हो?” आणि स्वतःच हसले, पण हसून झाल्यावर त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

तेव्हा मला तो आवाज लक्षात आला. पट्टी थांबली की टेबलावरच्या स्पीकरमधून एक बारीक गुंजन येई. सर म्हणाले, शाळेच्या वायरिंगला अर्थिंग नाही, स्पीकर घुमणारच. मीही मान डोलावली. पण आयुष्यभर कीर्तनं ऐकलेला कान असा गप्प बसत नाही. मी प्रार्थनेच्या कपाटातली शाळेची पेटी आणली, भाता हलवला आणि एकेक पट्टी दाबत गेलो. काळी दोन दाबली आणि पेटीचा सूर त्या गुंजनात असा मिसळला की दोन्ही वेगळे ऐकू येईनात.

बुवा काळी दोनमध्ये गात.

“योगायोग,” सर म्हणाले आणि त्यांनी स्पीकरची वायर उपटली. खोली शांत झाली. मी पेटीवरचं बोट उचललं. माझ्या कानात ते गुंजन घरी जाईपर्यंत राहिलं, जेवताना राहिलं, संध्याकाळी देवापुढे बसलो तरी राहिलं.

आम्ही सगळ्या वस्तू पुन्हा पानावर ठेवल्या. मेलनं तेवढी मोठी फीत जाईना. सीडी करून टपालानं पाठवतो, असं मी वेणूताईंना कळवलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. सीडी नको, शुक्रवारी वर्षश्राद्धाला येतेच आहे, घरी जाण्याआधी शाळेत येते.

शुक्रवारी दीडच्या सुमाराला त्या आल्या. धारवाडहून पहाटेच निघाल्या होत्या, निपाणीला गाडी बदलून. कपाळावर धूळ, खांद्याला कापडी पिशवी. बारा वर्षांत केस पांढरे झाले होते, पण चालताना उजवा खांदा किंचित पुढे, तो पेटीवाल्याचा खांदा तसाच होता. मोमीन सर नमाजाला निघाले होते. त्यांनी पान उघडून दिलं, वेणूताईंना खुर्ची दिली, स्पीकरची वायर लावू का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी ती लावली आणि ते गेले.

खोलीत आम्ही दोघं. बाकीचे कॉम्प्युटर पांढऱ्या कापडी खोळी घालून तीन रांगांत बसले होते, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका बसाव्यात तसे. पट्टी भरू लागली. सात बाकी. सहा. वेणूताई हनुवटीखाली हात धरून बघत होत्या. तीन. दोन. एकावर येऊन पट्टी थांबली आणि गुंजन सुरू झालं.

मी त्यांना त्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताची मधली बोटं टेबलाच्या कडेवर सरकली आणि एका जागी टेकली.

“काळी दोन,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, पडद्यावरची नजर न काढता, “दादा, हे उतरत नाहीये असं नाही वाटत मला. कुणीतरी सूर धरून थांबलंय असं वाटतं.”

मी खुर्चीत नीट बसलो, उठलो, पुन्हा बसलो.

“वेणूताई,” मी म्हणालो, “तुम्हाला मी जे लिहिलं, टेपमध्ये ऐकू येत नाही म्हणून, ते खरं आहे. ऐकू येत नाही. कारण मी ते पुसलं.”

त्या वळल्या नाहीत.

मग मी सगळं सांगितलं. त्या दत्तजयंतीला उत्तररंगात बुवांनी एका ऋषीनं वाढवलेल्या मुलीचं आख्यान लावलं होतं. मुलगी सासरी निघते, आश्रमातली हरणं तिचा पदर धरतात, तो सगळा प्रसंग. देऊळ भरलेलं. पदाला उठाव घ्यायचा म्हणून बुवा मागे वळले. मागे पेटीवर इचलकरंजीचे पाटील होते, चांगले भरघोस मिशांचे. बुवा त्यांच्याकडे बघून म्हणाले, “वेणू, सूर दे गं.” पाटील गोंधळले. पुढच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं आणि बघता बघता सगळं देऊळ हसलं. बुवांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी समोर तोंड केलं आणि ते उभे राहिले. नुसते उभे. पाटलांनी सूर धरून ठेवला होता. हसणं थांबलं, खोकणं थांबलं, तरी बुवा बोलेनात. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि आख्यान पुढे नेलं. शेवटी आरती झाली, लोक बुक्का लावून घरी गेले.

टेपवर ते सगळं होतं. नाव, हसणं आणि ती गप्प उभी राहिलेली वेळ. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

“बुवाच सांगायचे ना,” मी म्हणालो, “नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या माणसाला घर नसतं, मूल नसतं. गादीवरून घरचं बोलणं हा गादीचा अपमान. त्यांची एवढी वर्षांची तपश्चर्या, आणि मागे काय उरणार, तर गादीवर मुलीला हाक मारली आणि लोक हसले. मला ते सहन झालं नाही. मी कॉम्प्युटरवर तेवढं कापलं आणि सांधा असा जुळवला की कुणाला कळू नये. मग मूळ कॅसेटवरही कोरं भरलं. तुमचं पत्र आलं तेव्हा पुसून आठ महिने झाले होते. मी बुवांची लाज राखली असं मला वाटत होतं.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. स्पीकर घुमत होता, पट्टी होती तिथेच होती.

“म्हणजे आता ते कुठेच नाही,” वेणूताई म्हणाल्या.

“नाही.”

“तुमच्याकडे आहे.” त्या उठल्या. खुर्ची उचलून त्यांनी माझ्या मागे, उजव्या हाताला, दोन पावलं मागे ठेवली आणि तिथे बसल्या. “तुम्ही कितीदा ऐकलंय ते?”

पुसण्याआधी वीस-पंचवीस वेळा, असं मी सांगितलं.

“मग उभे राहा. समोर तोंड करून, बाबा राहायचे तसे. आणि सांगा.”

मी कधी कीर्तनाला उभा राहिलो नव्हतो हो. मी ऐकणारा माणूस. गादीला पाय लागला तरी मी कानाला हात लावून माफी मागणारा. मी म्हणालो, मला बुवांचा आवाज नाही, मला गाता येत नाही. त्या म्हणाल्या, गायला कोण सांगतंय.

मी उभा राहिलो. समोर त्या पांढऱ्या खोळींच्या तीन रांगा. मी मनात बुवांना नमस्कार केला, देवाला केला. मग आख्यानातलं ते वाक्य म्हटलं, आश्रमाच्या दारात मुलगी थबकली ते. मी मागे वळलो. खुर्चीत वेणूताई बसल्या होत्या, मांडीवर हात, जणू पुढ्यात पेटी आहे. मी म्हणालो, “वेणू, सूर दे गं.”

त्या हलल्या नाहीत. मी पुन्हा समोर तोंड केलं.

आता गप्प उभं राहायचं होतं. मी मनातल्या मनात सेकंद मोजायला घेतले, पण दहा-बाराच्या पुढे मोजणी सुटली. त्या गुंजनाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. मैदानावर शाळा सुटल्यासारखी शांतता होती, आणि शाळा तर भरलेली होती. खोळींच्या रांगा मला अंधूक दिसू लागल्या. ती पहिल्यांदा कीर्तन करणाऱ्याची भीती असेल. मग माझ्या तोंडून शब्द निघाले. हळू, जवळच्या माणसाला सांगावं तसे.

“बांगड्या असू देत हातात. वाजल्या तर वाजू देत.”

स्पीकर थांबला. पडद्याकडे मी पाहिलं नाही. पान पुरं उतरलेलं होतं, हे मोमीन सरांनी मागाहून सांगितलं. ते आले तेव्हा ‘ऐका’चं बटण जिवंत झालेलं होतं, आणि तेव्हापासून ते पान कधी अडलं नाही.

माझ्या मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बाबा हे म्हणाले होते?” वेणूताईंचा आवाज अगदी खाली आला होता. “त्या दिवशी?”

हो म्हणणं किती सोपं होतं. पण एकदा मी अक्षरशः खरं बोलून खोटं बोललो होतो.

“नाही,” मी म्हणालो. “नाव घेतलं ते खरं. नंतर ते गप्प होते. हे बोलले नाहीत. हे टेपवर नव्हतं.”

“मग तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या चुलतभावानं?”

“कुणीच नाही, वेणूताई. मला बांगड्यांचं काही माहीत नाही.”

मी वळलो तेव्हा त्या पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी. पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. लग्न झालं त्या दिवशी त्या एकट्याच बुवांच्या खोलीत गेल्या होत्या. बसवराज नदीवर थांबला होता. हातात मनगटापासून हिरवा चुडा. बुवा रोजच्यासारखे रियाजाला बसले होते, पेटी समोर होती. त्या काही न बोलता पेटीपुढे बसल्या, वाटलं, सूर दिला की ते गातील, आणि गायले की निभावेल. भात्याला हात लावला आणि बांगड्या किणकिणल्या. बुवा कीर्तनाआधी त्यांना नेहमी बांगड्या उतरवायला सांगत, पेटीवर वाजतात म्हणून. पण त्या दिवशी ते त्यांच्याकडे न बघता म्हणाले, बांगड्या काढ, मग हात लाव पेटीला.

“नव्या नवरीला,” त्या म्हणाल्या. “मी उठले ते थेट धारवाडला. हे मी आजवर यांनाही सांगितलेलं नाही.”

मला बसावंसं वाटत होतं, पण बसता येईना. ज्याच्यासमोर कुणी ऐकत आहे त्यानं बसू नये, एवढंच डोक्यात होतं. वीस वर्षं दुसऱ्या रांगेत बसून मी त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांना बुवांची फजिती समजलो. गादीवरून घरचं बोलायचं नाही म्हणून तोंडाशी आलेलं एक वाक्य गिळत तो म्हातारा माणूस सगळ्या गावासमोर उभा होता, हे मला आत्ता कळत होतं, ते वाक्य त्याच्या मुलीला सांगून झाल्यावर.

वेणूताईंनी पिशवी टेबलावर ठेवली. तेव्हा माझं लक्ष गेलं, त्यांचे दोन्ही हात मोकळे होते, सवाष्ण बाईचे असतात तसे नव्हते. त्यांनी पिशवीतून एक हातरुमाल काढला. त्याची गाठ दातांनी सोडवली.

“निपाणीच्या स्टँडवर उतरवून ठेवल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “बाबांच्या घरी जायचं म्हणून.”

रुमालात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्या तिथेच, उभ्यानं, एकेक बांगडी हातात चढवू लागल्या. घाई नव्हती. आधी डावा हात, मग उजवा. प्रत्येक बांगडी आधीच्या बांगडीला लागून वाजत होती, आणि त्यांचं होईपर्यंत मी जागचा हललो नाही.